दूध वर येतंय

सव्वाअकरा वाजले की ताईंचा एक डोळा घड्याळावर असतो. खाऊची सुट्टी साडेअकराला, आणि बालवाडीतली बहुतेक भांडणं मधल्या पंधरा मिनिटांतली. गेले तीन महिने मी इथे आठवड्यातून दोनदा गोष्टी सांगायला येते, त्यामुळे हे वेळापत्रक मलाही पाठ झालंय.

त्या दिवशी साडेचार वर्षांच्या एका मुलाचा ठोकळ्यांचा मनोरा कोसळला. शेजारून जाणाऱ्या मुलीच्या फ्रॉकचा घेर लागला होता. त्यानं ठोकळा उगारला. ताई दोन ढांगांत पोचल्या, त्याचं मनगट धरलं आणि त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. ‘मारू देणार नाही,’ एवढंच म्हणाल्या. पोरानं जमिनीवर लोळण घेतली, भोकाड पसरलं. ‘अरे, तिनं मुद्दाम नाही पाडलं,’ असं सांगायला माझी जीभ शिवशिवत होती. ताईंनी मला नजरेनंच गप्प केलं. आजूबाजूचे ठोकळे तेवढे बाजूला सारले आणि त्या तिथेच बसून राहिल्या.

थोड्या वेळानं किंचाळणं थांबलं, नुसते हुंदके उरले. तेव्हा कुठे ताईंनी हात पुढे केला. तो येऊन मांडीवर बसला. मायकल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये मुलांच्या अशा थयथयाटाची हीच चाल टिपली होती: लाथा आणि किंकाळ्या रागाच्या, त्या झपाट्यानं चढतात आणि ओसरतात, मागे रेंगाळतं ते रडणं, ते दुःखाचं. रागाच्या भरात समजूत शिरत नाही. ताईंनी हे वाचलेलं नाही, त्या कानानं ओळखतात.

शिकवणं झालं ते खाऊनंतर, पोट भरल्यावर.

‘आई गॅसवर दूध ठेवते ना? मग गॅस कधी बारीक करते?’

‘वर यायला लागलं की.’

‘आणि उतू गेलं तर?’

‘पुसायला लागतं.’

‘तुझं दूध वर येत होतं, तेव्हा तुला कुठे काय वाटलं?’

तो विचारात पडला. ‘कान गरम झाले.’

कान गरम झाले की काय करायचं, तर गरम दुधावर घालतो तशी लांब फुंकर. एकदा, दोनदा, पाच वेळा. श्वास सावकाश सोडला की छातीतली धडधडही मंदावते. आणि सांडलेलं पुसायचं म्हणजे त्या घाबरलेल्या मुलीजवळ जायचं. ताईंनी ‘सॉरी म्हण’ अशी सक्ती केली नाही. दोघांनी मिळून मनोरा पुन्हा रचला.

मी एकदा सुचवलं होतं, राग आला की उशी बडवायला दिली तर? ‘मग मारण्याचाच सराव होईल,’ ताई म्हणाल्या. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग ताईंच्या बाजूचा आहे. ज्याचा राग आला त्याला आठवत पंचिंग बॅग बडवणाऱ्यांचा राग निवला नाही, उलट वाढला.

‘पहिली दोन वर्षं मी फार ओरडायचे,’ ताई सांगतात. ‘एकदा बघितलं, तर एक पोरगी बाहुलीवर ओरडत होती. आवाज हुबेहूब माझा.’ तेव्हापासून स्वतःचा पारा चढला की त्या मुलांना तसं सांगून दोन मिनिटं खिडकीशी उभ्या राहतात. मुलं शब्दांपेक्षा हे जास्त बघतात.

परवा तोच मुलगा ताईंचा पदर ओढत म्हणाला, ‘माझं दूध वर येतंय.’ फुंकर घालायचं मात्र राहून गेलं. ठोकळा फेकलाच, पण रिकाम्या भिंतीकडे. ताईंच्या लेखी ही प्रगती.

मी त्यांना फ्लॉरेन्स गुडइनफ यांच्या १९३१ च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिकेत आयांनी मुलांच्या रागाच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा जेवणाच्या आधीची वेळच सगळ्यात भडक्याची निघाली. ताई हसल्या. ‘म्हणजे निम्मं काम डब्याचंच आहे की!’

या सोमवारपासून खाऊची सुट्टी अकरा वाजता होते.