बुरशी लागलेला दाणा आणि आपले यकृत

शेंगदाणे निवडताना चार-सहा दाणे काळे, सुरकुतलेले निघतात. बहुतेक घरांत ते फेकले जात नाहीत. भाजले की चालतील, कुटात मिसळले की कळणारही नाहीत, असे आपण म्हणतो. महागाईच्या दिवसांत असा विचार येणे साहजिक आहे. पण या दाण्यांत बुरशीने तयार केलेले एक विष असू शकते आणि घरच्या भाजण्या-शिजवण्याने ते पुरते जात नाही. त्याचे नाव अफ्लाटॉक्सिन. हे विष शरीरात काय करते, गरिबाच्याच ताटात ते जास्त का येते आणि ते कसे टाळता येते, हे आज समजून घेऊ.

केनियात १२५ माणसे गेली

आफ्रिका खंडातल्या केनिया देशात मका हे मुख्य अन्न. मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, तिला उगाली म्हणतात. आपल्याकडे जशी भाकरी, तशी तिथे उगाली. देशाच्या पूर्वेकडे माकुएनी आणि किटुई हे कोरडवाहू जिल्हे आहेत. तिथले बहुतेक शेतकरी थोड्या जमिनीचे मालक. पिकेल ते आधी घरात खायचे, उरले तर विकायचे.

२००४ साली जानेवारी ते जुलै या काळात या भागात ३१७ लोक आजारी पडले. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झाले, यकृत म्हणजे लिव्हर निकामी झाले. त्यांपैकी १२५ जण दगावले. म्हणजे दर दहा आजाऱ्यांमागे जवळजवळ चार. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागणारा नव्हता. कारण सापडले ते घराघरांत साठवलेल्या मक्यात.

आधी दुष्काळामुळे पीक कमी आले होते. त्यात काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. मका बाहेर वाळत टाकला तर चोरीला जाईल ही भीती होती, म्हणून लोकांनी तो ओलसर असतानाच घरात आणून रचला. ओल आणि ऊब मिळताच बुरशी वाढली. घरात दुसरे धान्य नव्हते, तेव्हा तोच मका दळून खाल्ला. ज्या घरांनी मका ओला साठवला, त्या घरांत आजाराचा धोका जास्त होता, असे तपासात दिसले. बाजारातला मकाही तपासला. ३५० नमुन्यांपैकी ५५ टक्के नमुन्यांत विषाचे प्रमाण सरकारी मर्यादेपेक्षा जास्त निघाले.

हे फक्त आफ्रिकेतच घडते असे नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांत असेच झाले. अवेळी पावसात भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. ३९७ जण आजारी पडले आणि १०६ जण दगावले. गावातली कुत्रीही त्याच आजाराने मेली, कारण घरातले उरलेले अन्न तीच खात होती.

अन्नसुरक्षा म्हटले की आपण कणगी भरली का, रेशन मिळाले का, एवढेच पाहतो. पण कणगीतला दाणा खाण्याजोगा आहे का, हाही अन्नसुरक्षेचाच प्रश्न आहे.

हे विष येते कुठून?

१९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की कोंबड्या अचानक मेल्या. त्यांना ब्राझीलहून आणलेली शेंगदाण्याची पेंड खाऊ घातली होती. त्या पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी आणि तिने तयार केलेले विष सापडले. त्या बुरशीच्या नावावरूनच विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले.

ही बुरशी मातीत असतेच. उभ्या पिकाला पावसाचा ताण पडला, दाणा किडीने पोखरला, मळणीत फुटला किंवा ओला साठवला की ती आत शिरते. मका आणि भुईमूग यांना तिचा धोका सर्वांत जास्त. सुकी मिरची आणि सुके खोबरे यांतही ती होते. तांदूळ-गव्हात ती तुलनेने कमी होते, पण ओल लागली तर तिथेही भरवसा नाही.

विष किती लागते? २००४ साली केनियात एका किलोला २० मायक्रोग्रॅमची मर्यादा होती. म्हणजे एक हजार किलो मक्यात फक्त २० मिलिग्रॅम. मिठाची एक चिमूटही याहून जड असते. त्याला वेगळी चव किंवा वास नसतो, त्यामुळे दिसायला बऱ्या पिठातही ते असू शकते.

एकदम खूप विष पोटात गेले तर केनियासारखा प्रसंग येतो. पण थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले तरी नुकसान होते, आणि ते लवकर दिसत नाही. हे विष यकृताचा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित केले आहे. ज्यांना कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी, कायमची जडली आहे, त्यांना हे विष मिळाले तर हा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

लहान मुलांबाबतही काळजी आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन आणि टोगो या देशांत पाच वर्षांखालील ४७९ मुलांचे रक्त तपासले, तेव्हा ४७५ मुलांच्या रक्तात या विषाची खूण सापडली. अंगावरचे दूध सुटून मका-शेंगदाणे सुरू झाले की प्रमाण वाढत होते. ज्यांच्या रक्तात ते जास्त होते, ती मुले उंचीने आणि वजनाने मागे होती.

गरिबाच्या ताटातच जास्त का?

युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यात किलोमागे फक्त ४ मायक्रोग्रॅम विष चालते. त्यामुळे परदेशी जाणारा दाणा तपासला जातो आणि एकेक दाणा निवडला जातो. बाजूला काढलेला दाणा अनेक ठिकाणी फेकला जात नाही. तो स्वस्तात स्थानिक बाजारात येतो. फुटका दाणा, चुरा, तयार कूट या रूपाने तो गरीब घरात पोहोचतो. छोटा शेतकरीही चांगला माल विकतो आणि डागी माल घरी ठेवतो. ज्याच्याकडे दुसरे काही खायला नाही, तो डागी दाणा टाकून देऊ शकत नाही. म्हणून हा प्रश्न स्वच्छतेचा आहे तसाच न्यायाचाही आहे.

उपाय साधे आहेत

गिनी या पश्चिम आफ्रिकेतल्या देशात वीस गावांमध्ये एक प्रयोग झाला. दहा गावांतल्या भुईमूग शेतकऱ्यांना साध्या गोष्टी शिकवल्या: खराब शेंगा हाताने निवडून काढणे, मातीवर न पसरता चटईवर वाळवणे, वाळले की नाही हे ओळखणे, प्लॅस्टिकऐवजी तागाच्या पोत्यात भरणे, पोते जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवणे. उरलेल्या दहा गावांत नेहमीसारखेच चालू ठेवले. काढणीनंतर पाच महिन्यांनी रक्त तपासले, तेव्हा शिकवलेल्या गावांतल्या लोकांच्या रक्तातले प्रमाण इतर गावांच्या निम्म्याहूनही कमी होते. यंत्र नाही, फक्त साधी काळजी.

आपण घरी काय करावे?

- शेंगदाणे, मका, मिरची उजेडात निवडा. काळा, हिरवट, सुरकुतलेला, किडका, कडू लागणारा दाणा काढून टाका. बुरशी पुसून किंवा धुऊन विष जात नाही.
- तयार कूट आणि चुरा घेण्यापेक्षा अख्खे दाणे थोडे थोडे घ्या आणि घरी कुटा.
- गावाकडून आलेली गोण लगेच उघडा. दमट वाटली तर ताडपत्रीवर किंवा चटईवर कडक उन्हात वाळवा. ओले धान्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका.
- धान्य वाळले का, हे पाहायला सोपी खूण आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडे मीठ आणि मूठभर धान्य घाला, हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर धान्यात अजून ओल आहे.
- पोते भिंतीला टेकवू नका, खाली फळी किंवा विटा ठेवा. झोपडीत पावसाळ्यात ओल येते, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा बरा. पण आत फक्त वाळलेलेच धान्य भरा.
- काढलेला खराब दाणा गाई-म्हशी-शेळ्यांना किंवा कोंबड्यांना घालू नका. हे विष दुधातून परत आपल्याकडे येते.
- बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांत कावीळ ब ची लस मिळाली का, विचारा. नंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींतही ती असते. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे.

घरात एकाच वेळी दोघा-तिघांना भूक मंदावणे, उलट्या, डोळे पिवळे होणे, पोट फुगणे असे झाले, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका. सरकारी रुग्णालय गाठा, काय खाल्ले ते सांगा आणि त्या धान्याचा थोडा नमुना सोबत न्या. या विषावर उतारा नाही. डॉक्टर यकृताला सावरायला मदत करतात, म्हणून लवकर पोहोचणे महत्त्वाचे.

सगळा भार घरातल्या बाईवर टाकून मात्र चालणार नाही. बाजारातला माल तपासणे हे सरकारचे काम आहे. रेशनवर दमट, बुरशी आलेले धान्य मिळाले तर ते घेऊन गप्प बसू नका. दुकानात बदलून मागा, नाही दिले तर दक्षता समितीकडे आणि पुरवठा कार्यालयात लेखी तक्रार करा. बचत गटाने मिळून तक्रार केली तर दुकानदाराला ती टाळणे अवघड जाते. स्वस्त धान्य हा आपला हक्क आहे, आणि ते धान्य चांगले असणे हाही त्याच हक्काचा भाग आहे.