मिसळणाचा डबा आणि कोठी

परीक्षेचं सुधारित वेळापत्रक लागलं, पण भाचीच्या फोनवर गणिताचा पेपर बुधवारीच. मैत्रिणीच्या फोनवर सोमवारी. सासूबाईंनी दोन्ही फोन शेजारी धरले आणि म्हणाल्या, "इदु हळेदु!" निदान अचूक होतं. कॅश काढल्यावर भाचीलाही सोमवार दिसला.

ही कॅश पैशांची नव्हे. एकदा पाहिलेलं पान, चित्रं ब्राउझर जवळ साठवतो, म्हणजे दरवेळी लांबून आणायला नकोत. फोडणीसाठी कोठीत कोण जातं? मिसळणाचा डबा हाताशी असतो. फक्त कोठीत नवी हळद आली तरी डब्यात जुनीच राहते.

संगणकावर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट, डिलीट एकदम दाबलं की यादी उघडते. साठवलेली चित्रं आणि फायली, एवढ्यावरच खूण ठेवावी. कुकीजही काढल्या तर सगळीकडं पुन्हा लॉगिन. आणि पासवर्ड कुणाला आठवतात? एकाच पानासाठी कंट्रोल आणि एफ-५ पुरतं.

जपायचं ते अँड्रॉइड फोनवर. तिथं अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर स्टोरेज' शेजारीशेजारी असतात. काही फोनवर दुसऱ्याला 'क्लिअर डेटा' म्हणतात. पहिल्यानं डबा रिकामा होतो, दुसऱ्यानं कोठीच. व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरं दाबलं आणि बॅकअप नसला तर सगळा संवाद गेला. सासूबाईंच्या फोनवर त्यांच्या हुबळीच्या भावानं लिहिलेले कानडी निरोप आहेत, आणि मामा आता नाहीत. आधी बॅकअप घेतला, मगच त्या फोनची साफसफाई काढली.