अळी मेली कधी, हे कोण मोजते?

तंबाखूच्या पानात निकोटिन असते आणि निकोटिन हे मुळात कीटकनाशकच आहे. मावा मारायला तंबाखूचा काढा फवारण्याची पद्धत जुनीच. ‘स्पोडोप्टेरा’ या अळीला मात्र हे पान खुशाल पचते. तिचा पतंग पानावर पुंजक्याने शेकडो अंडी घालतो. लहान अळ्या घोळक्याने पान खरवडून त्याची जाळी करतात. मोठ्या झाल्या की दिवसा मातीत दडतात, रात्री खातात. निपाणी भागात तंबाखू पिकवणाऱ्याचे पान हेच उत्पन्न. त्यामुळे अळी दिसली की हात पंपाकडे जातो.

बाटलीतले औषध अळीला मारते का, हे आधी प्रयोगशाळेत तपासतात. पाने ठरावीक तीव्रतेच्या द्रावणात बुडवायची, सुकवायची आणि एकाच वयाच्या अळ्यांना खायला द्यायची. काही पाने नुसत्या पाण्यात बुडवलेली असतात, कारण थोड्या अळ्या आपोआपही मरतात. ती वजावट करण्याचे ॲबट यांचे 1925 चे सूत्र आजही वापरतात. निम्म्या अळ्या ज्या तीव्रतेला मरतात, तो आकडा म्हणजे ‘एलसी 50’. मग शेतात वाफे पाडून पुन्हा चाचणी होते; त्यात काही वाफे मुद्दाम न फवारता ठेवतात.

खरी मेख आहे ती मोजण्याच्या वेळेत. क्लोरपायरीफॉससारखे ऑरगॅनोफॉस्फेट नसांवर घाला घालते, म्हणून 24 तासांत अळ्या मेलेल्या दिसतात. नोव्हाल्युरॉन अळीला नवी कात बनवू देत नाही. ती पुढची कात टाकताना मरते. अळीला रोगी करणाऱ्या एनपीव्ही विषाणूलाही काही दिवस लागतात. पहिल्याच दिवशी मोजले तर ही दोन्ही नापास! खरे तर पान किती खाल्ले गेले, हे मोजणे जास्त उपयोगाचे.

शेतकरीही दुसऱ्या सकाळी मेलेल्या अळ्या शोधतो. दिसल्या नाहीत तर मात्रा वाढवतो. मोठी अळी लहानीपेक्षा चिवट असते, हे तेव्हा लक्षात येत नाही. या घाईची किंमत फवारणारा मोजतो. ऑरगॅनोफॉस्फेट अळीचे जे एन्झाइम बंद पाडते, तेच माणसाच्या नसांतही असते. लाळ, घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप अशी लक्षणे दिसतात. वेळेत ॲट्रोपिन मिळाले नाही तर जीव जाऊ शकतो. नोव्हाल्युरॉन ज्या कायटिनची निर्मिती रोखते, ते माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. त्याचा अर्थ ते प्यावे असा नव्हे. बाटलीवरचा हिरवा त्रिकोणही ‘कमी विषारी’ एवढेच सांगतो. लाल सर्वांत घातक, त्याखालोखाल पिवळा, मग निळा.

तंबाखूच्या शेतात आणखी एक घोटाळा होतो. ओल्या पानांतले निकोटिन कातडीतून शरीरात शिरते आणि पाने खुडणाऱ्याला मळमळ, उलट्या, चक्कर येते. फवारणीच्या विषबाधेची सुरुवातही अशीच असते. अशा वेळी रुग्णाचे भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे, उलटी मुद्दाम काढू नये आणि रुग्णालयात येताना बाटली व तिच्यासोबतचे पत्रक आणावे. डॉक्टरला विषाचे नेमके नाव त्यावरूनच कळते आणि उताराही पत्रकावर छापलेला असतो.