इन्व्हर्ट शुगरमध्ये नेमकं काय उलटतं?

बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत अनेकदा ‘इन्व्हर्ट शुगर सिरप’ असं छापलेलं असतं. इन्व्हर्ट म्हणजे उलटलेली. पण साखरेत उलटण्यासारखं असतं तरी काय? तिच्या रेणूत याचं उत्तर शोधून सापडत नाही, कारण हे नाव पडलं आहे प्रकाशावरून.

काही द्रव ध्रुवित प्रकाशाचं प्रतल फिरवतात, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झाँ-बाप्तिस्त बियो यांनी 1815 मध्ये दाखवलं. साखरेचं द्रावण ते उजवीकडे फिरवतं. त्यात थोडं आम्ल घालून तापवलं, की प्रतल फिरण्याचा हा कोन कमी होत होत शून्यावर येतो आणि मग चक्क डावीकडे सरकतो. दिशेच्या या पालटाला ‘इन्व्हर्जन’ म्हणू लागले आणि त्यातून बनलेल्या मिश्रणाला इन्व्हर्ट शुगर.

साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन फुटतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज समसमान तयार होतात. सुक्रोजचं विशिष्ट वलन, म्हणजे प्रतल फिरवण्याचं प्रमाणित माप, अधिक 66.5 अंश, ग्लुकोजचं अधिक 52.7, तर फ्रुक्टोजचं उणे 92च्या आसपास. या ओढाताणीत फ्रुक्टोज जिंकतं आणि मिश्रण सुमारे उणे 20वर स्थिरावतं. ग्लुकोजचं डेक्स्ट्रोज आणि फ्रुक्टोजचं लेव्ह्युलोज ही नावंही लॅटिनमधल्या उजव्या-डाव्याचीच.

मला या साऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाचं 1850 मधलं काम. द्रावणाला हात न लावता, केवळ कोन वाचत त्यांनी इन्व्हर्जनचा वेग मोजला. शिल्लक साखर जितकी, त्या प्रमाणात वेग, हा नियम त्यांना मिळाला. रासायनिक अभिक्रियेच्या गतीचा गणिती अभ्यास इथून सुरू झाला.

आपल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत रसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातल्या साखरेचं प्रमाण, काढतात, तोही याच वलनावरून. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला, की त्यातल्याच इन्व्हर्टेज या विकरामुळे इन्व्हर्जन सुरू होतं. फुटलेल्या सुक्रोजची साखर पोत्यात पडत नाही, ती मळीत जाते. गुऱ्हाळावरही शिळ्या उसाचा गूळ नीट घट्ट होत नाही. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, साखर उताऱ्याशी बांधलेली असल्यानं तोड आणि गाळप यांच्या दरम्यान गेलेला वेळ अखेर शेतकऱ्याच्या बिलात दिसतो.