अंगात ताप, तरी कामावर

वृद्धाश्रमातले आजी-आजोबा फारसे बाहेर पडत नाहीत. तरीही फ्लूची साथ त्यांच्यापर्यंत पोहोचते, कारण त्यांना भरवणारी, अंघोळ घालणारी, कूस बदलून देणारी माणसे रोज गावातून ये-जा करतात. त्यांतल्या अनेकांना दिवसाच्या हजेरीवर पैसे मिळतात. घसा दुखतो, अंग कसकसते, पण खाडा पडला तर मजुरी बुडते, म्हणून माणूस कामावर येतो. वृद्धाश्रमातला फ्लू रोखायचा असेल तर आजारी सेवकाला पगारी रजा ही पहिली गरज आहे. लस, औषध आणि मास्क तिच्या जोडीने हवेतच, पण तिच्यावाचून ते अपुरे पडतात.

संसर्ग झाल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत लक्षणे दिसतात, आणि रुग्ण लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना आजार देऊ शकतो. वृद्धांमध्ये निदान आणखी अवघड असते. अनेकदा ताप चढतच नाही. जेवण तुटते, गुंगी येते, बोलणे असंबद्ध होते, आणि घरचे-दारचे त्याला वयाचा परिणाम समजतात. एका छपराखाली एकत्र जेवणे-झोपणे असले की विषाणूला वाट मोकळी मिळते. २००९ मध्ये पाचगणीच्या निवासी शाळेत स्वाइन फ्लू असाच पसरला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यातील एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जणांना कोरोनाची बाधा आढळली. तो विषाणू वेगळा होता, पण सामूहिक निवासाचा धोका तोच.

सेवकांना लस दिली की वृद्ध वाचतात का, हे स्कॉटलंडमध्ये १९९६-९७ च्या हिवाळ्यात वृद्धांच्या दीर्घ शुश्रूषेच्या वीस रुग्णालयांत तपासले गेले. जिथे सेवकांना लस देऊ केली होती तिथे १३.६ टक्के वृद्ध दगावले, इतरत्र २२.४ टक्के. आकडे बोलके आहेत, तरी त्यांवरचा आक्षेप रास्त आहे: प्रत्यक्ष तपासणीत फ्लूच्या संसर्गाचे प्रमाण मात्र दोन्हीकडे फारसे वेगळे आढळले नाही, आणि पुढच्या आढावाकारांनी हा पुरावा अपुरा ठरवला. म्हणून लस सोडून द्यावी असे निघत नाही. केवळ लशीवर विसंबू नये, एवढे निश्चित निघते. शिवाय विषाणू रूप बदलतो, त्यामुळे ती दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये असतो. त्यामुळे पहिला पाऊस पडण्याआधीच ती टोचून घेणे शहाणपणाचे.

पगारी रजा परवडणार नाही, हा दुसरा आक्षेप. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेची ओढाताण खरी आहे. पण साथ पसरली की औषधे, रुग्णवाहिका, दवाखान्यातला खर्च आणि एकाच वेळी अंथरुणाला खिळलेले सेवक, हा भार चार-पाच दिवसांच्या मजुरीहून कितीतरी मोठा असतो. तिसरा आक्षेप वृद्धांच्या बाजूचा आहे: साथ म्हणून त्यांना कोंडून ठेवले, भेटी बंद केल्या, तर एकटेपणाने ते खचतात. हे खरेच आहे, म्हणून सरसकट बंदी नको. आजारी व्यक्तीची खोली वेगळी, तिच्यासाठी शक्यतो ठरावीक सेवक, उघड्या खिडक्या, हात धुणे आणि मास्क, एवढे नेमाने पाळले तर इतरांचा दिनक्रम चालू राहतो.

तीन दिवसांच्या आत दोघे आजारी पडले की साथ समजून हालचाल करावी, असा एक प्रचलित दंडक आहे. ओसेल्टामिवीर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत उपयोगी ठरते, आणि साथीत डॉक्टर ते निरोगी रहिवाशांनाही प्रतिबंधासाठी देऊ शकतात. तेलंगणातल्या पैनगंगेकाठच्या बेला मंडलासारख्या भागातून गंभीर रुग्णाला आदिलाबादच्या रिम्स या सरकारी रुग्णालयापर्यंत नेण्यात वेळ जातो, तिथे या ४८ तासांतला प्रत्येक तास मोलाचा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचा आश्रम असावा अशी तरतूद आहे. अशा प्रत्येक आश्रमाच्या अंदाजपत्रकात सेवकांची आजारपणाची रजा आणि लस यांचा खर्च आधीच धरलेला असावा. दुसऱ्याच्या आई-वडिलांना जो हाताने भरवतो, त्याला ताप आल्यावर निर्धास्तपणे घरी थांबता आले पाहिजे. त्याची मजुरी सांभाळणे हा त्या वृद्धांच्या औषधोपचाराचाच भाग आहे.