राक्षस मारण्याची मजुरी

परीकथेतला वीर राक्षसाला मारतो तो राजकन्येसाठी, नाहीतर दिलेल्या शब्दासाठी. आपल्या भीमाने बकासुराला मारले, पण एकचक्रेच्या लोकांकडे मोबदला मागितला नाही. (गाडाभर अन्न तेवढे राक्षसासमोरच फस्त केले!) पोलिश लेखक आन्द्झेय साप्कोव्स्की यांचा गेराल्ट मात्र आधी भाव ठरवतो, मग तलवार उपसतो. राक्षस मारणे हा त्याचा पेशा आहे.

साप्कोव्स्की अर्थशास्त्र शिकलेले, परदेशी व्यापारात नोकरी केलेले. त्यांची पहिली गेराल्ट-कथा 'व्येज्मिन' १९८६ साली 'फान्तास्तिका' मासिकात आली. हे नाव त्यांनी 'व्येज्मा' म्हणजे चेटकीण यावरून घडविले. त्याच्या मुळाशी 'जाणणे' हा अर्थ आहे. आपल्या 'वेद', 'विद्या' यांतील 'विद्' धातूचा तो भाऊबंदच.

व्येज्मिन जन्मत नाहीत, घडवले जातात. लहान मुलांवर वनस्पतींच्या अर्कांचे प्रयोग होतात. बहुतेक त्यातच मरतात. जे जगतात त्यांना अंधारात दिसते, पण मूल होत नाही. अशा माणसाची गावाला गरज असते, शेजार मात्र नको असतो.

पहिल्या कथेत राजा फोल्टेस्टची मुलगी शापाने स्ट्रिगा झाली आहे. रात्री शवपेटीतून उठून ती माणसे खाते. प्रजेला ती मेलेली हवी, बापाला शापमुक्त झालेली. बक्षीस ३,००० ओरेन. एक दरबारी तर काम न करता निघून जाण्याचेच पैसे देऊ करतो! गेराल्ट अवघड बाजू पत्करतो. कोंबडा तिसऱ्यांदा आरवेपर्यंत तिला पेटीत परतू द्यायचे नाही, म्हणून तो स्वतःच पेटीत शिरून झाकण लावून घेतो. त्या दरबाऱ्याला तो आमिष म्हणून बांधून ठेवतो, हे मात्र मला अजून पचलेले नाही.

पुढे राक्षस विरळ होत जातात, कामही आटते. मग राक्षस कोणाला म्हणायचे हा प्रश्न टोकदार होतो. एका कथेत गावकरी धान्य चोरणाऱ्या 'सैताना'ला हुसकावण्यासाठी गेराल्टला बोलावतात. शोध घेता कळते की, माणसांनी डोंगरात हाकललेल्या एल्फ लोकांसाठी तो बियाणे चोरतो. त्यांनी कधी नांगर धरलेला नाही. ते उपाशी आहेत. ते एल्फ गेराल्टलाच बांधून ठार करायला निघतात. माणसांनी ज्याला आपल्यातला कधी मानले नाही, तो त्यांच्या लेखी माणसांपैकीच एक असतो.