पानिपत कोणाच्या नकाशावर?

पानिपत म्हटलं की आपल्याला १४ जानेवारी १७६१ आठवतो. नोकरीत असताना अंबाल्याकडे जाता-येता मीही काला आंबला थांबायचो, सलाम करायचो आणि पुढे निघायचो. शहर नीट पाहिलं ते निवृत्तीनंतर. आज त्या शहराबद्दल बोलू.

पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतं. १९८५ च्या कायद्याने त्यासाठी नियोजन मंडळ नेमलं. हेतू असा, की दिल्लीवरचा लोकसंख्येचा ताण कमी व्हावा, म्हणून भोवतालची शहरं वाढवायची. रस्ते, पाणीपुरवठा यांसाठी कर्ज मिळतं, हा फायदा खराच. पण पानिपत निवडलं ते दिल्लीच्या सोयीनं, इथला माणूस किती मागे आहे हे मोजून नव्हे.

युरोपीय संघात मोजमाप उलटं आहे. ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, त्याला निधीचा मोठा वाटा. शिवाय प्रशिक्षण आणि रोजगारासाठी वेगळा सामाजिक निधी. तेवढ्यानं सगळं सुटतं असं नाही. दक्षिण इटलीत कित्येक वर्षं पैसा ओतूनही उत्तरेशी असलेली दरी बुजलेली नाही.

गंमत म्हणजे परदेशातले टाकून दिलेले लोकरी कपडे पानिपतलाच येतात. ते रंगावार निवडायचे, फाडायचे, पिंजून सूत काढायचं आणि त्याची ब्लँकेटं विणायची. अशा एका कारखान्यात बिहारचा एक कामगार भेटला. एनसीआर म्हणजे काय, असं विचारलं. म्हणाला, "साहब, दिल्ली की हवा बिगड़ी तो यहाँ काम बंद." कोळशावरची बंदी १ जानेवारी २०२३ पासून आली. ती हवी होतीच, धूर त्याच्याही छातीत जातो. पण बुडालेल्या रोजाचं काय?

आणि एक आकडा. शहराजवळ १९९८ पासून तेलशुद्धीकरण कारखाना आहे, महामार्ग आहे. तरी २०११ च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८३४. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' २२ जानेवारी २०१५ ला पानिपतमध्येच सुरू करावी लागली.

आपल्याकडे दांडेकर समितीनं १९८४ मध्ये जिल्ह्यांचा अनुशेष राज्याच्या सरासरीशी ताडून काढला. रस्ते, सिंचनाबरोबर शिक्षण आणि आरोग्यही धरलं. त्यानंतर १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. त्या मंडळांच्या हिशेबाकडे पुढच्या भागात वळू. जय हिंद.